रोज रातकिडेच कशाला? सातारा-सांगलीत शॅमेलिऑनचा आहार बदलताना

पाळलेला शॅमेलिऑन एक दिवस रातकिड्याकडे बघायचेच सोडून देतो. कालपर्यंत किडा दिसताच दोन्ही डोळे एका जागी रोखून जीभ फेकणारा प्राणी, आज किडा नाकासमोरून चालत गेला तरी फांदी घट्ट धरून बसून राहतो. एकाच प्रकारच्या किड्यावर वाढलेल्या शॅमेलिऑनमध्ये हे नेहमी दिसते. पण ‘कंटाळला असेल’ असे म्हणून लगेच नवा किडा शोधायला धावू नका. आधी पिंजऱ्यातील ऊब बघा. कात टाकायची वेळ आली आहे का, मादी असेल तर पोट अंड्यांनी जड झाले आहे का, हेही बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे जीभ बघा. किडा हवासा वाटतोय, तोंड उघडते, पण जीभ अर्ध्यावरच थांबते किंवा नेम चुकतो, असे वारंवार होत असेल तर ते कॅल्शियम कमी पडल्याचे लक्षण असू शकते. शरीराच्या दीडपट, कधी दुपटीपर्यंत जाणाऱ्या जिभेचे स्नायू कॅल्शियमवाचून चालत नाहीत. अशा वेळी आहार बदलण्याआधी डॉक्टर गाठावा.

हे सगळे ठीक असेल तर मग ताटाकडे वळू. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत या बाबतीत एक मोठी सोय आहे आणि एक मोठा धोकाही आहे. सोय म्हणजे रेशीम, मध आणि दूध हे तिन्ही धंदे इथे आहेत. तिन्हींच्या आसपास उत्तम खाद्यकिडे तयार होतात. धोका म्हणजे इथली शेती. ऊस आणि द्राक्षाच्या या पट्ट्यात रानातून पकडलेला किडा म्हणजे काय काय पोटात घेऊन आलेला किडा, हे सांगता येत नाही. म्हणून या लेखातली पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की किडा पकडू नका, पाळा. निदान ज्याने तो पाळला आहे त्याच्याकडून घ्या.

त्याआधी शॅमेलिऑन कुठला, हे स्पष्ट व्हायला हवे. आपल्याकडे बांधावरच्या बाभळीवर, बोरीवर, कधी उसाच्या कडेला दिसणारा हिरवा घोयरा सरडा हा भारतात आढळणारा एकमेव शॅमेलिऑन आहे. शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. तो पकडणे, घरात ठेवणे, विकणे, विकत घेणे हे सगळे गुन्हे आहेत. तो विषारी असतो, त्याने फुंकर मारली की माणूस आजारी पडतो, ही समजूत गावागावात आहे आणि त्यापायी दगडाखाली चिरडलेले शॅमेलिऑन पाहून जीव कळवळतो. त्याला विष नाही. ऊसतोडीच्या दिवसांत फडातून किंवा पाचट पेटवताना तो सापडला, जखमी असला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तोपर्यंत फांदीसकट सुती पिशवीत किंवा भोके पाडलेल्या खोक्यात सावलीत ठेवा. त्याला किडे भरवायचा प्रयत्न करू नका. धास्तावलेला प्राणी खात नाही आणि जबरदस्तीने तोंड उघडले तर जबडा दुखावतो. धडधाकट असेल तर उचलूही नका, शेजारच्या झाडावर जाऊ द्या.

घरात कायदेशीरपणे असू शकतो तो परदेशी वंशाचा. बहुतेक ठिकाणी येमेन-सौदीकडचा व्हेल्ड शॅमेलिऑन असतो, क्वचित मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन. या दोन्ही जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटिस करारात दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ साली त्याखालचे नोंदणीचे नियम आले. त्यानुसार अशा प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. पिल्ले झाली, प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवावे लागते. विकणाऱ्याकडे कागद नसेल तर प्राणी कितीही गोड दिसला तरी घेऊ नये. बिनकागदाचा शॅमेलिऑन बहुतेक वेळा सुटकेसमध्ये कोंबून आणलेला असतो आणि वाटेत मेलेल्या त्याच्या भावंडांची किंमतही आपणच भरत असतो.

आता खाण्याकडे येऊ. ‘वेगवेगळे किडे’ म्हणजे रंगीबेरंगी ताट असा समज करून घेऊ नये. विविधता हवी ती किड्याकिड्यात असलेल्या उणिवा एकमेकांनी भरून काढाव्यात म्हणून. सरपटणाऱ्या प्राण्याच्या आहारात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम थोडे जास्तच असावे लागते. बहुतेक किड्यांत नेमके उलटे असते. पूर्ण वाढलेल्या रातकिड्यात कॅल्शियमच्या सातपट फॉस्फरस भरतो. मेणकिड्याच्या अळीत वजनाच्या पावहिस्सा नुसती चरबी असते. पिठातल्या अळीत, म्हणजे मीलवर्ममध्ये, सुमारे १३ टक्के. त्याउलट रेशीम अळीत चरबी जेमतेम दीड टक्का आणि पाणी ८० टक्क्यांच्या वर. ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी ही एकटीच अशी की तिच्या कातडीत कॅल्शियम साठते आणि ते फॉस्फरसच्या दुपटीच्या आसपास जाते. एकट्या कुठल्याच किड्यावर प्राणी नीट जगत नाही, हे या आकड्यांवरून कळावे.

पण त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे किड्याने स्वतः काय खाल्ले होते. तुमचा शॅमेलिऑन किडा खातो तेव्हा किड्याच्या पोटातला पालाही खातो. दुकानातून आलेला रातकिडा दोन दिवस डब्यात उपाशी असतो. तो म्हणजे निव्वळ टरफल. त्याला २४ ते ४८ तास चांगले खाऊ घालून मगच पुढे ठेवायचा. त्यासाठी महागड्या परदेशी पुड्या मागवण्यापेक्षा परसातला शेवगा पुरे आहे. शेवग्याच्या पाल्यात १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते. कढीपत्त्यात त्याहून जास्त आणि हादग्याच्या पाल्यात त्याच्याही कितीतरी वर. जोडीला गाजर, लाल भोपळा, पिकल्या पपईचा तुकडा आणि तुतीचे पान द्या. पालक मात्र रोज नको, त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून टाकते. पाला स्वतःच्या दारचा असावा. बाजारातली जुडी आणली तर तीन-चार पाण्यांनी धुवावी, आणि तरीही मन साशंक ठेवावे.

साशंक राहण्याचे कारण तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, जत भागातल्या कुणालाही वेगळे सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्ष उतरेपर्यंत बागेत फवारणी थांबत नाही. बुरशीनाशके, कीटकनाशके, वाढीची संजीवके एकामागोमाग पडत असतात. बागेच्या कडेला सापडलेला नाकतोडा टुणटुणीत दिसतो, कारण त्याच्या अंगावर विषाची मात्रा त्याला मारण्याइतकी नसते. असे दहा नाकतोडे आठवडाभरात दीडशे ग्रॅमच्या प्राण्याच्या पोटात गेले तर हिशेब वेगळा होतो.

उसाच्या पट्ट्यात मोह असतो तो हुमणीचा. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंब, बाभूळ, बोरीवर चढतात. वाळवा, शिराळा, कराड, पाटण भागात शेतकरी रात्री बत्त्या घेऊन फांद्या हलवतात, प्रकाश सापळे लावतात आणि बादल्या भरून भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकतात. फुकट, ताजा, बादलीभर किडा पाहून पाळणाऱ्याचे हात शिवशिवतात. पण या झाडांवर त्या दिवसांत मुद्दाम फवारणी केलेली असते, आणि जमिनीतल्या पांढऱ्या अळीसाठी उसाच्या सरीत औषधाची आळवणी झालेली असते. शिवाय भुंगेऱ्याची पाठ टणक असते, लहान शॅमेलिऑनच्या आतड्यात ती अडकते, आणि अळीचा जबडा चावतो. हुमणी शेजाऱ्याच्या कोंबड्यांनाही मी विचारल्याशिवाय देणार नाही. शॅमेलिऑनला तर मुळीच नाही.

काही किडे फवारणीवाचूनही घातक असतात आणि त्यांची ओळख पाळणाऱ्याला असायलाच हवी. माण, खटाव, आटपाडी, जतच्या बाजरीवर येणारे हिंगे, म्हणजे ब्लिस्टर बीटल. त्यांच्या अंगातले कँथरिडिन माणसाच्या कातडीवर फोड आणते, आणि एखादा हिंगाही सरड्याला पुरेसा ठरतो. रुईवरचा निळा-पिवळा चितारलेला टोळ दिसायला देखणा असतो, पण रुईचे विष तो अंगात साठवतो. रुईवरच्याच पट्टेदार अळ्या, कण्हेरीवरच्या अळ्या, लाल-काळे भडक ढेकणासारखे किडे, केसाळ सुरवंट हे सगळे वर्ज्य. निसर्गात भडक रंग बहुधा ‘मला खाऊ नका’ असे सांगत असतो.

आणि काजवे. मृगाच्या सुमारास कोयनेकडे, चांदोलीकडे, महाबळेश्वरच्या उतारांवर काजवे लखलखतात. पाळीव दाढीवाल्या सरड्यांच्या बाबतीत नोंदलेले आहे की एकच काजवा खाऊन काही तासांत ते मेले. त्याच दिवसांत घरच्या दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीचे थवे येतात आणि ‘रानातले सरडे हेच खातात’ म्हणून लोक ते ओंजळीने पिंजऱ्यात टाकतात. वाळवी स्वतः वाईट नाही, चरबी जास्त इतकेच. पण दिव्याखालच्या त्या गर्दीत एखादा काजवा येऊ शकतो, आणि घराच्या पायाला वाळवीचे औषध घातलेले असेल तर ती वाळवी तिथूनच उठलेली असते. दिव्याखालचे काहीच देऊ नका.

कासच्या पठारावरून, कोयना-चांदोलीच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातून, सागरेश्वरच्या अभयारण्यातून काडीकिडे, प्रार्थनाकीटक, फुलपाखरांच्या अळ्या उचलून आणणे हा तर प्रश्नच नाही. तिथला किडा तिथल्या पाखरांचा आणि सरड्यांचा आहे, आणि संरक्षित क्षेत्रातून तो उचलायची कायद्यानेही परवानगी नाही.

मग द्यायचे काय? माझ्या मते या दोन जिल्ह्यांतल्या पाळणाऱ्याने सगळ्यात आधी रेशीम अळीकडे जावे. दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा रेशीम कार्यालये आहेत. रोजगार हमी योजनेतून तुती लागवडीला मदत मिळू लागल्यापासून कित्येक शेतकऱ्यांनी एकर-दीड एकर तुती लावली आहे आणि कोष बारामती, जालना किंवा कर्नाटकात रामनगरच्या बाजाराला पाठवतात. रेशीम अळीची सगळ्यात मोठी गोष्ट अशी की ती कीटकनाशकापुढे फार नाजूक असते. शेजारच्या रानातल्या फवारणीचा तुषार तुतीवर आला तरी बॅच हातची जाते. म्हणूनच तुतीवर आणि तुतीच्या आजूबाजूला काय पडते यावर रेशीम शेतकरी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. अळी जिवंत, भुकेली, पान कुरतडणारी आहे याचा अर्थच तिचे पान स्वच्छ होते. दुसऱ्या कुठल्या किड्याबद्दल अशी हमी या परिसरात मिळणार नाही.

अंड्यातून निघाल्यावर साधारण पंचवीस दिवसांत चार वेळा कात टाकून अळी कोषावर जाते. या काळात तिचे वजन सुमारे दहा हजार पटीने वाढते. त्यामुळे एकाच बॅचमधून पिल्लाला तिसऱ्या अवस्थेची बारीक अळी आणि मोठ्या नराला पाचव्या अवस्थेची बोटाएवढी अळी, अशी दोन्हींची सोय होते. अंगाला टणक कवच नसल्याने ती पचायला हलकी असते. उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्या प्राण्याच्या पोटात तिच्यावाटे पाणीही जाते, आणि एप्रिल-मेच्या सांगलीत याची किंमत फार आहे. फक्त एक गैरसमज काढून टाका. रेशीम अळीत भरपूर कॅल्शियम असते असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. तसे नाही. त्यातही फॉस्फरसच कितीतरी जास्त असतो, तेव्हा कॅल्शियमची पूड इथेही लागतेच.

शेतकऱ्याकडे जाताना काही रीत पाळावी. त्याच्या संगोपनगृहात घुसू नका. बाहेरच्या माणसाच्या पायांबरोबर रोग आत जातो आणि त्याचे महिनाभराचे कष्ट पाण्यात जातात. दारातच थांबा आणि तोच देईल त्या अळ्या घ्या, पैसे देऊन घ्या. उरलेल्या अळ्या कधीही परत नेऊन देऊ नका. तो ज्या अळ्या काढून फेकत असतो, सुजलेल्या, पिवळट, फुटून दुधाळ पाणी येणाऱ्या किंवा ढिल्या पडून काळ्या झालेल्या, त्या ग्रासरी आणि फ्लॅचरीसारख्या रोगांच्या असतात. फुकट मिळाल्या तरी घेऊ नका. आणखी एक, कात टाकल्यावर अळ्यांवर चुना आणि विजेतासारखी निर्जंतुकीकरणाची पावडर धुरळतात. ती अळीच्या अंगावर असते. घरी आणल्यावर दोन दिवस स्वच्छ डब्यात, रोज कागद बदलून, धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या तुतीच्या पानांवर ठेवा, मगच द्या. पान ओले राहिले तर अळीला हगवण लागते. दारात किंवा गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत तुतीची दोन झाडे असली की महिन्याला वीस-तीस अळ्या सहज पोसता येतात. तुतीची काडी मातीत खोचली की पावसाळ्यात फुटतेच.

काही अळ्या कोषावर जाऊ द्या. दहा-बारा दिवसांनी पांढरा, केसाळ, जाडजूड पतंग बाहेर येतो. त्याला उडता येत नाही, नुसते पंख फडफडवतो. तो काही खातही नाही, त्यामुळे त्याच्या पोटात काही भरता येत नाही. पण ही फडफड पाहून महिनाभर तोंड फिरवलेला शॅमेलिऑनसुद्धा डोळे रोखतो. रुसलेल्या प्राण्याला पुन्हा शिकारीला लावायला याहून चांगला किडा मला ठाऊक नाही.

मधाच्या बाजूने दोन गोष्टी मिळतात. महाबळेश्वरला राज्य खादी मंडळाचे मध संचालनालय आहे आणि जवळचे मांघर २०२२ साली देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. या भागात सातेरी मधमाशा पेट्यांत पाळतात. सातेरीच्या जुन्या पोळ्यांना मेणकिडा लागतो आणि त्याला कंटाळून वसाहत पेटी सोडून जाते, म्हणून मधपाळ जुनी पोळी काढून टाकत असतात. त्या पोळ्यांत मेणकिड्याच्या गुबगुबीत पांढऱ्या अळ्या असतात. शॅमेलिऑन त्यांच्यावर तुटून पडतो, आणि तोच धोका आहे. चरबीची ही चटक लागली की तो दुसरे काही बघत नाही. आजारातून उठलेल्या किंवा अंडी घालून खंगलेल्या मादीला चार दिवस एकेक-दोनदोन द्या. एरवी आठवड्याला एखादीच पुरे. साठवलेल्या पोळ्यांना गंधकाचा धूर किंवा दुसरे काही औषध दिले होते का, हे मधपाळाला आवर्जून विचारा. मेणकिडा घरी पाळायचा असेल तर झाकणाला पक्की बारीक जाळी लावलेल्या बरणीतच, कारण सुटलेला पतंग शेजारच्या मधपाळाच्या पेटीत शिरला तर त्याचे नुकसान होईल.

दुसरी गोष्ट म्हणजे नर मधमाशा. नराला नांगी नसते. तो कामकरी माशीपेक्षा जाड, मोठ्या डोळ्यांचा आणि उडताना जोरात गुणगुणणारा असतो. वसाहत फुटायच्या हंगामात पेटीत नर फार वाढले की काही मधपाळ नरांची घरे कापून कमी करतात. ओळखीच्या मधपाळाने स्वतः ओळखून पकडून दिलेले चार-सहा नर उडत्या शिकारीचा सुंदर व्यायाम देतात. स्वतः पेटीपाशी जाऊन ‘हा नरच असेल’ असा अंदाज बांधू नका, कामकरी माशीचा डंख जिभेला बसला तर प्राणी कित्येक दिवस खात नाही. आग्या माशीच्या पोळ्याकडे तर फिरकूही नका.

ब्लॅक सोल्जर फ्लायला कुणाकडे मागायला जावे लागत नाही. घरामागे ओल्या कचऱ्याचा ड्रम असेल तर ती पावसाळ्यात आपणहून येते. सडपातळ, काळी, गांधीलमाशीसारखी दिसणारी पण न चावणारी, न डसणारी ही माशी ड्रमच्या कडेला अंडी घालते आणि पंधरा-वीस दिवसांत आत जाडसर, चपट्या, मातकट अळ्या वळवळू लागतात. पूर्ण वाढ झाली की अळी गडद होते आणि स्वतःच कचऱ्यातून वर चढून कोरडी जागा शोधते. ड्रमला तिरपी नळी किंवा उतरती फळी लावली की ती आपोआप खालच्या डब्यात पडते. कचऱ्यात फक्त भाजीची देठे, फळांच्या साली, कोंडा, उरलेला भात घाला. मटण-मासळी, खारवलेले लोणचे, औषधाच्या गोळ्या यांतले काही नको. गोठ्याजवळ हा ड्रम ठेवत असाल तर शेणात नको, कारण जनावराला दिलेल्या जंताच्या औषधाचा अंश शेणात उतरतो. अळ्या पाण्याने धुऊन, दोन दिवस कोंड्यात आणि गाजराच्या तुकड्यांत ठेवून द्या. तिची कातडी चिवट असते, पुष्कळदा ती आख्खी विष्ठेत पडते. तसे दिसले तर जरा लहान, फिकट अळ्या द्या. कॅल्शियमसाठी अळीच उपयोगी, कारण माशी झाल्यावर ते कॅल्शियम कातडीबरोबर मागे पडते. माशी मात्र उडते म्हणून आठवड्यातून एकदा सोडावी. घरमाश्या, हिरव्या माश्या उकिरड्यावरून आणू नयेत.

गांडूळखताच्या वाफ्यातली लाल गांडुळे देण्याचा विचार असेल तर सोडून द्या. ती घाण वासाचा द्रव सोडतात, बरेच प्राणी ती थुंकतात. घरातली, गटारातली झुरळे तर नकोच. त्यांच्यावर जेल, बोरिक पावडर आणि शेजाऱ्याचा स्प्रे पडून गेलेला असतो.

एवढे सांगूनही रातकिडा हाच आहाराचा पाया राहतो, हे खरे. तो बारीक-मोठ्या सर्व मापांत मिळतो, पोटात हवे ते भरता येते, आणि घरी वाढतो. प्लास्टिकचा उंच डबा, झाकणाला जाळी, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले, एका वाटीत ओले कोकोपीट अंड्यांसाठी, आणि पाण्याऐवजी गाजराचे काप. ३० अंशांच्या आसपास ऊब राहिली की दहा-बारा दिवसांत अंडी फुटतात आणि दीड-दोन महिन्यांत नवी पिढी तयार. हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीकडे डब्याशेजारी छोटा दिवा लागेल. न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात ठेवू नका, झोपलेल्या शॅमेलिऑनची बोटे आणि शेपटी ते कुरतडतात.

पूड किती आणि केव्हा, याबद्दल साधा नेम असा. डी-३ नसलेली कॅल्शियमची पूड जवळपास प्रत्येक खाण्यावर अगदी हलकी, किडा पांढराशुभ्र होईल इतकी नाही. डी-३ आणि अ जीवनसत्त्व असलेली मिश्र पूड महिन्यातून दोनदा. अ जीवनसत्त्व कमी पडले की डोळे सुजतात, कात अडकते, जीभ चिकटेनाशी होते. जास्त झाले तरी तितकेच वाईट, म्हणून थेंब स्वतःच्या मनाने देऊ नका. आणि कॅल्शियम अंगी लागायला अतिनील-बी प्रकाश हवाच. खिडकीच्या काचेतून तो येत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात, अर्धी सावली ठेवून, जाळीचा पिंजरा बाहेर ठेवला तर दिव्याहून चांगले. दिवा वापरत असाल तर उजेड दिसतो म्हणून तो चालू आहे असे समजू नका, वर्षभराच्या आत बदला.

नवा किडा देताना एका वेळी एकच नवा द्यावा, सकाळी, भूक असताना. दोन-तीन दिवस विष्ठा बघावी. किड्याची जाडी शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. पिल्लाला रोज दहा-बारा बारीक किडे लागतात. पूर्ण वाढलेल्याला एक दिवसाआड पाच-सहा पुरतात. व्हेल्डच्या मादीला लाडाने भरवले की ती मोठमोठ्या लगडीने अंडी घालते, कधी साठ-सत्तर, आणि त्यात तिचे आयुष्य झिजते. तिचे ताट मोजूनच वाढा. व्हेल्ड थोडा पालाही खातो, पिंजऱ्यात जास्वंदीचे फवारणी न केलेले रोप ठेवा. रुसलेल्या शॅमेलिऑनला निरोगी असताना दोन-तीन दिवस उपाशी ठेवले तर काही बिघडत नाही. पिल्लाला मात्र असे ठेवू नका.

दर आठवड्याला वजन करा. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा पुरतो. वजन सलग दोन आठवडे उतरले, डोळे खोल गेले, हात वाकडे दिसू लागले, फांदीवरची पकड सुटू लागली किंवा जीभ मागे जाईना, तर किडे बदलत बसू नका. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी फोन करून सरपटणारा प्राणी आणतो आहे हे सांगा, वजनाची वही आणि तुम्ही देता त्या किड्यांची व पुडीची यादी बरोबर न्या. डॉक्टरला निम्मी उत्तरे तिथेच मिळतात.

जास्त झालेले किडे रानात सोडू नयेत. विकत आणलेले परदेशी झुरळ किंवा सुपरवर्म मोकळे सुटले तर त्यांचे इथे काय होईल याची जबाबदारी आपल्यावरच येते. फ्रिजरमध्ये दोन दिवस ठेवून मग ते खड्ड्यात पुरा. स्वच्छ पाल्यावर वाढवलेल्या रेशीम अळ्या आणि सोल्जर फ्लायच्या अळ्या उरल्या असतील तर शेजारच्या परसातल्या कोंबड्यांना द्या, पण आधी त्यांच्या मालकाला विचारून.